डेडलाईन: मेलेली रेघ की मरणाची रेघ?

अनुवादिनी

गेल्या आठवड्यात लेकीच्या शाळेतून विज्ञान प्रकल्पाची सूचना आली. सातवीत आहे ती. सूचना इंग्रजीत आणि तीत डेडलाईन हा शब्द तीनदा. वाचून तिने विचारलं, "आई, डेडलाईन म्हणजे मेलेली रेघ ना? मग ती पाळायची कशी?"

मी गेली अकरा वर्षं इंग्रजीतून मराठीत भाषांतरं करते. या शब्दापुढे 'अंतिम मुदत' किती वेळा लिहिलं असेल याची मोजदाद नाही. पण त्यातला 'डेड' आला कुठून, हे मला तिला सांगता आलं नाही. रात्री शोधायला बसले आणि पोहोचले थेट अमेरिकेतल्या यादवी युद्धात. जे वाचलं ते चार दिवस डोक्यातून जात नाहीये, म्हणून हा धागा.

फेब्रुवारी १८६४ मध्ये जॉर्जिया राज्यात, अँडरसनव्हिल नावाच्या खेड्याजवळ, दक्षिणेकडच्या फुटून निघालेल्या राज्यांनी युद्धकैद्यांसाठी एक छावणी उघडली. कागदोपत्री नाव कॅम्प सम्टर. छावणी म्हणजे काय, तर पाइनच्या ओंडक्यांची पंधरा-एक फूट उंच भिंत आणि आत उघडी जमीन. बराकी नाहीत, छप्पर नाही. कैद्यांनी आपापल्या घोंगड्या-काटक्यांचे आडोसे करायचे. मधून एक ओढा जायचा. प्यायला तोच, धुवायला तोच, शौचालाही तोच. १०,००० माणसांच्या हिशेबाने आखलेल्या या जागेत ऑगस्टपर्यंत ३२,००० हून जास्त उत्तरेचे सैनिक कोंडले गेले. मध्यंतरी भिंत सरकवून जागा साडेसव्वीस एकर केली होती, तरीही.

आता रेघ. भिंतीच्या आतल्या बाजूने, भिंतीपासून सुमारे १९ फुटांवर, चारी बाजूंनी एक कुंपण होतं. बुटके खुंट आणि त्यांच्यावर ठोकलेली लाकडी पट्टी, एवढंच. वर भिंतीवर थोड्या थोड्या अंतरावर पहारेकऱ्यांची मचाणं. जो कैदी पट्टी ओलांडेल, तिच्याखालून हात जरी पलीकडे घालेल, त्याला गोळी. या पट्टीला नाव होतं 'डेड लाईन'. तेव्हा दोन सुटे शब्द. वेळेचा, तारखेचा, घड्याळाचा काही संबंध नाही. निव्वळ जागेचा शब्द.

युद्ध संपल्यावर छावणीचा प्रमुख कॅप्टन हेन्री वर्झ याच्यावर वॉशिंग्टनमध्ये लष्करी खटला चालला. हा मूळचा स्वित्झर्लंडचा. १० नोव्हेंबर १८६५ ला त्याला फाशी दिली. त्याच्यावरच्या आरोपांत ही डेड लाईन नावानिशी आहे. खटल्याच्या बातम्या उत्तरेतल्या वर्तमानपत्रांत रोज छापून येत होत्या, आणि हा शब्द घराघरांत पोहोचला तो तिथून.

त्या आरोपपत्रातली एक गोष्ट मला सगळ्यात जास्त लागली. त्यात म्हटलं आहे की ही रेघ पुष्कळ ठिकाणी निव्वळ काल्पनिक होती, आणि इतर ठिकाणी कच्च्या, हलणाऱ्या खुंटांवर कशाबशा ठोकलेल्या फळ्यांची. म्हणजे कैद्यांनी पट्ट्या सरपणाला उपटून नेल्या किंवा खुंट कोसळले, तरी रेघ होतीच. डोळ्यांना दिसत नव्हती, पण पहारेकऱ्याला ठाऊक होती. नवीन आलेल्या कैद्याने ती कशी ओळखायची?

माझे दोन प्रश्न. जमिनीवरची ही रेघ कॅलेंडरवर कशी गेली? आणि मराठीत आपण तिला जे म्हणतो ते बरोबर आहे का? जाणकारांनी लिहावं.

रानवाटा

अंगावर काटा आला. पहिल्यांदा लक्ष्मणरेषाच आठवली. तीही डोळ्यांना न दिसणारी.

अनुवादिनी

रानवाटा, मलाही तीच आठवली होती. पण मग फरक जाणवला. लक्ष्मणरेषा आतल्या माणसाला जपण्यासाठी ओढलेली, बाहेरून येणाऱ्याला अडवणारी. इथे आतलाच माणूस ओढणाऱ्याचा शत्रू आहे. त्यामुळे भाषांतरात मी ते नाव वापरणार नाही. (अवांतर: वाल्मीकी रामायणात लक्ष्मणरेषेचा प्रसंग नाही, तो नंतरच्या रामकथांतून आला.)

चौकस

उत्तम धागा, वाचनखूण साठवली. थोडी भर घालतो, एक-दोन ठिकाणी सावधही करतो.

पहिलं म्हणजे डेड लाईन फक्त दक्षिणेच्या छावण्यांत नव्हती. शिकागोच्या कॅम्प डग्लसमध्ये, ओहायोतल्या जॉन्सन्स आयलंडवर, म्हणजे उत्तरेने चालवलेल्या छावण्यांतही अशीच रेघ आणि असाच नियम होता. अँडरसनव्हिलचं नाव चिकटलं ते तिथल्या मृत्यूंमुळे आणि वर्झच्या खटल्यामुळे. चौदा महिन्यांत सुमारे ४५,००० कैदी तिथे आले आणि जवळजवळ १३,००० मेले. एकट्या ऑगस्ट १८६४ मध्ये जवळपास ३,०००, म्हणजे दिवसाला शंभराच्या आसपास. त्यांतले गोळीने मेलेले फारच थोडे. हगवण, अतिसार आणि स्कर्व्ही यांनी बाकीचे नेले. रेघेच्या शब्दामागे धावताना हे विसरू नये.

एवढी गर्दी का झाली तेही सांगायला हवं. १८६२ मध्ये दोन्ही बाजूंत कैद्यांची अदलाबदल करायचा करार झाला होता. उत्तरेच्या फौजेत कृष्णवर्णीय सैनिक दाखल झाल्यावर दक्षिणेने त्यांना युद्धकैदी मानायलाच नकार दिला. त्यावरून १८६३ मध्ये अदलाबदल मोडली. मग पकडलेली माणसं साचत गेली.

आता तुमचा पहिला प्रश्न. जमिनीवरून ही रेघ एका उडीत कॅलेंडरवर गेली नाही, मध्ये बऱ्याच ठिकाणी थांबली. युद्धानंतर 'ओलांडलीस तर खैर नाही' अशा कोणत्याही हद्दीला लोक डेड लाईन म्हणू लागले. कॅन्ससमधल्या डॉज सिटीत रेल्वेचे रूळ ही डेड लाईन होती. रुळांच्या उत्तरेला कमरेला पिस्तूल लावून फिरायचं नाही. टेक्सासहून येणाऱ्या गुरांबरोबर एक ताप यायचा, तेव्हा ती गुरं जिच्या पलीकडे न्यायची नाहीत त्या हद्दीलाही हाच शब्द. आणि १८८० च्या सुमारास न्यूयॉर्कच्या गुप्तहेर खात्याचा प्रमुख थॉमस बर्न्स याने फुल्टन स्ट्रीटवर डेड लाईन आखली. खाली वॉल स्ट्रीटच्या पेढ्या आणि जवाहिऱ्यांचा भाग. माहितीतला चोर त्या रस्त्याच्या दक्षिणेला दिसला की उचलायचा. हीसुद्धा कुठे रंगवलेली नव्हती. चोर आणि पोलीस दोघांच्या डोक्यात होती.

सावधगिरी अशासाठी की 'डेड' म्हणजे दरवेळी मेलेलं नव्हे. इंग्रजीत न हलणाऱ्या गोष्टीलाही डेड म्हणतात. मासे पकडायला टाकलेली, जागची न हलणारी दोरी, तीही डेड लाईन. या अर्थाचा छावणीशी संबंध नाही.

शाळेतला_लिपिक

चौकस यांच्या शेवटच्या मुद्द्याला अनुमोदन. आमच्या कपाटात एक वही असते, डेड स्टॉक रजिस्टर. टेबल, खुर्च्या, खडूफळे, घंटा, सगळ्याची नोंद तिच्यात. मराठीत तिचं नाव जडसंग्रह नोंदवही. ज्याने कोणी हा शब्द घडवला त्याने 'डेड'चं 'मृत' केलं नाही, 'जड' केलं. चेतनाच्या उलट ते जड. वीस वर्षं ती वही लिहितोय, पण शब्द किती नेमका आहे हे आज कळलं.

खिळेवाला

छापखान्याचा विषय निघेल असं वाटलंच होतं, कारण या शब्दाचा एक मुक्काम आमच्याकडेही झालेला आहे.

मी १९७४ पासून सांगलीत छापखान्यात होतो. आधी खिळे, म्हणजे छपाईची सुटी धातूची अक्षरं, जुळवायला, नंतर यंत्रावर. सिलिंडर मशीनला एक सपाट लोखंडी पाट असतो. जुळवलेला फर्मा चौकटीत आवळून त्याच्यावर बसवायचा. त्या पाटावर एक रेघ कोरलेली असते. फर्मा बसवताना खिळे तिच्या पलीकडे जाऊ द्यायचे नाहीत. गेले तर तेवढा मजकूर कागदावर उठत नाही. आम्ही तिला नुसती 'रेघ' म्हणायचो. तिचं इंग्रजी नाव डेडलाईन आहे, हे मला निवृत्तीनंतर पुतण्याने दाखवलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या छपाईवाल्यांत हा शब्द रुळलेला होता.

आता बघा, जागा तीच: छापखाना आणि वर्तमानपत्राची कचेरी, बहुतेक एकाच इमारतीत. खाली यंत्रावर 'या रेघेच्या पलीकडचं छापलं जाणार नाही', वर संपादकांकडे 'या वेळेच्या पलीकडचं छापलं जाणार नाही'. १९२० च्या आसपास अमेरिकी बातमीदारांच्या तोंडी वेळेच्या अर्थाने हा शब्द पक्का झालेला दिसतो. माझं मत असं की यंत्रावरची रेघ आणि जुन्या छावणीची आठवण, दोन्ही त्यात मिसळल्या. छपाईवाल्याला नाहीतरी डेड शब्दाची सवय होतीच. वापरून झालेला, खिळे सोडवून परत खणांत टाकायचा मजकूर म्हणजे डेड मॅटर. अजून छापायचा आहे तो लाइव्ह. हे दोन्ही शब्द आमच्या इथेही सर्रास चालत. "दादा, ही गॅली डेड का?" असं पोरं विचारत. गॅली म्हणजे जुळवलेले खिळे ठेवायचा ट्रे.

आमची स्वतःची डेडलाईन सांगतो. तालुक्याच्या गावांना जाणारी ती डाक आवृत्ती, ती आधी छापायची. गठ्ठे पहाटेच्या एसटीने जायचे. ड्रायव्हर ओळखीचा, चांगला माणूस, पण गाडी ठरलेल्या वेळेला सुटायची. त्यामुळे सगळा हिशेब उलटा. एसटी साडेतीनला, म्हणून गठ्ठे तीनला बांधून तयार, म्हणून यंत्र दीडला सुरू, म्हणून शेवटचं पान साडेबाराच्या आत सोडायचं. 'पान सोडलं का?' हा एकच प्रश्न रात्रभर जिन्यावरून खाली यायचा. कोणी डेडलाईन म्हणत नव्हतं. म्हणायचे, "गाडी चुकेल." एका रात्री मशीनचा पट्टा तुटला आणि गाडी खरंच चुकली. त्या दिवशी जतच्या बाजूला आमचा अंक गेला नाही. पन्नास वर्षं होत आली, अजून ती पहाट आठवते.

सुधा_मावशी

खिळेवाला, "गाडी चुकेल" हे किती आपलं आहे! आमच्या घरी परीक्षेच्या अर्जापासून लग्नाच्या बोलणीपर्यंत सगळीकडे हेच म्हणत.

जॉर्जियाकर

अटलांटात राहतो. इथून गाडीने दोन-सव्वादोन तासांवर अँडरसनव्हिल आहे. दोन वर्षांपूर्वी मराठी मंडळातली आम्ही तीन कुटुंबं गेलो होतो.

आता ते राष्ट्रीय स्मारक आहे. शेजारी सगळ्या युद्धांतल्या अमेरिकी युद्धकैद्यांचं संग्रहालयही आहे. पण मैदानात गेल्यावर दिसतं ते फक्त गवत. हिरवंगार, उताराचं, मध्ये तो ओढा. भिंत उरलेली नाही. एका कोपऱ्यात आणि उत्तरेच्या दारापाशी थोडी नव्याने बांधून दाखवली आहे. बाकी ठिकाणी पांढरे खुंट रोवलेत, दोन रांगांत. बाहेरची रांग भिंतीची, आतली डेड लाईनची. दोन रांगांमध्ये उभा राहिलो तर बायको म्हणाली, "बाहेर ये तिथून." काही कारण नव्हतं, पण मी आलो.

ओढ्यापाशीची गोष्ट अनुवादिनीताईंच्या लेखात नाही, म्हणून सांगतो. पाणी पश्चिमेकडून भिंतीखालून आत यायचं. आत आलं की लगेच हजारो माणसांनी घाण झालेलं. त्यातल्या त्यात बरं पाणी मिळायचं ते जिथे ओढा आत शिरतो तिथे, म्हणजे नेमकं रेघेला लागून. तहानलेली माणसं तिथे गर्दी करायची, रेघेखालून भांडं पुढे सरकवायची, मागून कोणाचा धक्का लागायचा, तोल जायचा. वाचलेल्या कैद्यांच्या आठवणींत हे पुन्हा पुन्हा येतं. पळून जायला निघालेली माणसं नव्हती ती. दोन वीत वरचं पाणी हवं होतं.

घटकापळ

सगळे प्रतिसाद वाचले, आणि एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवेना. आमच्या घरात चार पिढ्यांची भिक्षुकी. आजोबांचं घटिकापात्र अजून माझ्याकडे आहे. तांब्याची पातळ वाटी, बुडाला सुईएवढं भोक. घंगाळात पाणी भरून त्यावर वाटी सोडायची. भोकातून पाणी हळूहळू आत येतं आणि २४ मिनिटांनी वाटी बुडते. ती एक घटका. अशा ६० घटकांचा दिवस-रात्र मिळून एक दिवस, साडेसात घटकांचा प्रहर. लग्नाचा मुहूर्त गाठायला आजोबा वाटीवर डोळा ठेवून बसायचे. मनगटावर घड्याळ असायचं, तरीही.

वाटी बुडायला आली की म्हणायचं, घटका भरली. आता हेच शब्द माणसाबद्दल म्हणा: "त्याची घटका भरली." अर्थ बदलला. काळ शब्दाचंही तसंच. काळ म्हणजे वेळ, आणि काळ म्हणजे मृत्यू. 'काळ आला होता पण वेळ आली नव्हती' या म्हणीत दोन्ही शब्द वेळेचे, पण पहिल्याचा अर्थ मरण.

इंग्रजीचा हा शब्द मरणाकडून निघाला आणि वेळेपाशी पोहोचला. आपले शब्द वेळेकडून निघून मरणापाशी पोहोचले. अनुवादिनी, तुमच्या लेकीला माझ्या वतीने ही वाटी दाखवा. फोटो व्यक्तिगत निरोपातून पाठवतो.

चौकस

घटकापळ, काय सुंदर प्रतिसाद! 'काळ आला होता'मध्ये हे दडलंय हे कधी लक्षात आलं नव्हतं.

अनुवादिनी

सगळ्यांचे मनापासून आभार. घटकापळ, फोटो पोहोचला. लेकीने स्वयंपाकघरातून जुनी वाटी आणून खिळ्याने भोक पाडायला घेतलं आहे. विज्ञान प्रकल्पाचा विषय बदलतोय.

दुसऱ्या प्रश्नाबद्दल माझं मत चर्चेनंतर पक्कं झालं, ते लिहून ठेवते. मुदत शब्द अरबीतून फारसीमार्गे आला. त्याचा अर्थ कालावधी, वेळेचा पट्टा. मुदत सुरू होते, चालते, वाढते, संपते. मुदत ठेव, मुदतवाढ, मुदतबाह्य, सगळीकडे हाच अर्थ आहे. डेडलाईन पट्टा नव्हे, पट्ट्याचं टोक आहे. म्हणून 'अर्ज करण्याची अंतिम मुदत ३१ जुलै' हे आपण सगळीकडे छापतो ते मला आता खटकतं. कालावधी कसा ३१ जुलै असेल? 'मुदत ३१ जुलैपर्यंत' किंवा 'शेवटची तारीख ३१ जुलै' म्हटलं की गावातल्या अर्ज भरणाऱ्या माणसालाही नीट कळतं. 'अंतिम मुदत' राखून ठेवावी खऱ्या अंतिम मुदतीसाठी, म्हणजे दोनदा मुदतवाढ दिली आणि आता यापुढे नाही, तेव्हा. आणि वायदा निराळाच, त्यात दिलेला शब्द आहे. सोनार वायदा चुकवतो, शिंपी वायदा चुकवतो. तिथे रेघ कोणी दुसऱ्याने ओढलेली नसते, आपणच कबूल केलेली असते.

बोलताना डेडलाईन म्हणणं मी सोडणार नाही, तो शब्द आता मराठीही आहे. पण भाषांतरात दरवेळी थांबून बघेन: पट्टा आहे, टोक आहे, की शब्द दिलेला आहे.

आणि जॉर्जियाकर, लेकीला तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला. तिने विचारलं की १३,००० माणसं मेली हे मोजलं कोणी?

जॉर्जियाकर

तिला सांगा, एका एकोणीस वर्षांच्या पोराने. डोरेन्स अॅटवॉटर, कनेक्टिकट राज्यातला. कैदीच होता. अक्षर चांगलं म्हणून त्याला छावणीच्या दवाखान्यात मृतांची नोंद करायला बसवलं. दक्षिणेची माणसं ही यादी उत्तरेला कधीच देणार नाहीत अशी त्याला भीती वाटली, म्हणून त्याने गुपचूप दुसरी प्रत केली आणि सुटताना ती लपवून बाहेर आणली. १८६५ च्या उन्हाळ्यात क्लारा बार्टन या परिचारिका अँडरसनव्हिलला गेल्या, अॅटवॉटर बरोबर होता. त्याच्या यादीवरून थडग्यांवर नावं लावली. मृतदेह लांब चरांत खांद्याला खांदा लावून पुरले होते, त्यामुळे आजही तिथले पांढरे दगड एकमेकांना जवळजवळ चिकटून आहेत.

पुढे त्या यादीच्या मालकीवरून सरकारचं आणि त्याचं बिनसलं. लष्करी न्यायालयाने त्याला चोर ठरवून १८ महिन्यांची सक्तमजुरी दिली. काही आठवड्यांत तो सुटला आणि १८६६ मध्ये एका न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रामार्फत यादी छापून घेतली, म्हणजे घरच्यांना कळेल.

सुमारे ४६० दगडांवर नाव नाही, 'अनोळखी' एवढंच आहे. आम्ही गेलो तेव्हा माझ्या मुलाने त्यांतल्या एकापाशी पाण्याची बाटली ठेवली होती. पहारेकरी बाई बाटली उचलायला आल्या, दगडावरचं वाचलं, आणि ती तशीच ठेवून गेल्या.

अनुवादिनी

वाचून दाखवलं तिला. वाटी आत्ता घंगाळात सोडली आहे. भोक जरा मोठं पडलंय, अकरा मिनिटांतच बुडतेय.